वेनच्या कानात जोझी नव्हती

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहा, असं अंक काढणाऱ्या मेघनाने उन्हाळ्यात सांगितलं होतं. “वसुधाताई, एकदा लोकांना कळू दे तुम्ही नक्की करता काय ते. माझ्या सासूबाई अजून तुम्हाला डीजे समजतात.” मी हो म्हटलं आणि माझ्या सवयीप्रमाणे सावकाश, रोज थोडं थोडं लिहायला घेतलं. विक्षिप्त गायक, रुसलेले ड्रमर, चिखलात रुतलेले ट्रक, असा हलकाफुलका लेख होत होता. मग एका सकाळी ट्राममध्ये फोन आला आणि तो लेख तिथेच राहिला. हा वेगळा आहे. मेघना, तो अंकाला शोभेल की नाही हे मला सांगता येत नाही.

फोन आमच्या टूर मॅनेजरचा, कॅथचा होता. दौऱ्यात मध्ये एक सुट्टीचा दिवस होता, म्हणून मी मँचेस्टरला माझ्या घरी आले होते आणि भाजी आणायला निघाले होते. कॅथने विचारलं, “तू बसलेली आहेस का?” मी खरोखरच खिडकीशी बसलेली होते, म्हणून हो म्हटलं.

“वेन वारला. हॉटेलमध्ये, झोपेतच. हार्ट असावं म्हणतात.”

“पण उद्या साउंडचेक आहे,” मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं याचा मला अजून उलगडा होत नाही. कॅथही म्हणाली, “हो ना.” मग आम्ही दोघी काही वेळ उद्याच्या साउंडचेकबद्दल, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीबद्दल, बोलत राहिलो. हॉलचं मागचं दार कोण उघडणार, कोण किती वाजता पोचणार. बोलता बोलता तिला रडू फुटलं. मला फुटलं नाही. माझा स्टॉप आला आणि गेला. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर माझ्यापाशी येऊन, “गाडी इथून पुढे जात नाही हं,” असं हळूच म्हणाला, तेव्हा मी उतरले आणि समोरच्या ट्राममध्ये चढले. ती मला परत घेऊन आली.

श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने, दार उघडलं. “अगं, पिशवी रिकामीच?”

“वेन वारला.”

“असं कसं? परवाच मेल आला की त्याचा मला. मिरचीचं लोणचं पाठव म्हणत होता.”

लोणच्याची बाटली ओट्यावर तयार होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो.

आता वेन कोण आणि माझा त्याचा संबंध काय, हे सांगायचं तर माझं काम सांगायला हवं.

मी मॉनिटर इंजिनिअर आहे. मैफिलीत समोर, प्रेक्षकांच्या मधोमध बटणांचं मोठं डेस्क घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो तुम्हाला ऐकू येणारा आवाज सांभाळतो. मी तो माणूस नव्हे. मी स्टेजच्या कडेला, पडद्याआड उभी असते आणि वादकांना स्वतःला काय ऐकू येतं ते सांभाळते. ड्रमरला बास हवा असतो, गायिकेला सूर धरायला कीबोर्ड हवा असतो, गिटारवाल्याला बहुतेक वेळा फक्त गिटार हवी असते. पूर्वी प्रत्येकाच्या पायाशी एक तिरका स्पीकर असायचा. हल्ली कानात बसणारे छोटे इअरपीस असतात, प्रत्येकाच्या कानाच्या साच्यावरून बनवलेले. ते घातले की बाहेरचं जग जवळजवळ बंद होतं आणि आत फक्त मी पाठवते तेवढंच येतं. एकाच स्टेजवर चार माणसं उभी असतात आणि चौघं चार वेगळी गाणी ऐकत असतात.

मी पुण्याहून इथे ध्वनिशास्त्र शिकायला आले, ते सभागृहांच्या भिंतींचा अभ्यास करायला. शिकताना खर्चाला मदत म्हणून साउंड भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत केबल गुंडाळायला लागले आणि तिथेच राहिले. आईला बरीच वर्षं वाटत होतं की हे तात्पुरतं आहे.

तऱ्हेवाईक माणसं खूप भेटली. एक आयरिश फिडलवाला मला म्हणायचा, “जरा निळं कर.” मी काहीतरी करायचे आणि तो तृप्त व्हायचा. एका कीबोर्डवाल्याचं समाधानच व्हायचं नाही. त्याच्यासाठी मी डेस्कवरची एक सरकपट्टी, आम्ही तिला फेडर म्हणतो, कशालाही न जोडलेली ठेवली होती. त्याने तक्रार केली की मी त्याच्या डोळ्यांदेखत ती सरकवायचे. “बस्स! आता कसं छान!” आपल्या मंडळाच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पेटीवर बसलेले काका मला म्हणाले होते, “वसुधा, तबला कमी कर.”

“काका, तुमच्या स्पीकरमध्ये तबला नाहीच आहे.”

“माझ्यात नव्हे गं, त्याच्या स्वतःच्या स्पीकरमध्ये कमी कर. त्याला स्वतःचं इतकं ऐकू येतं म्हणून चढलाय तो.”

मी केला नाही. कारण आमच्या कामात एक पद्धत आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. एकाच्या कानात काय आहे हे दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून बदलायचं नाही. डेस्कवरची एक कळ दाबली की मला कोणाच्याही कानातलं ऐकता येतं. कोण कोणाला ऐकतं आणि कोण कोणाला टाळतं, ते सगळं मला कळतं. ते माझ्यापाशीच राहायचं असतं.

वेनच्या बँडला मी इथे पेपरबार्क म्हणते. बँडचं नाव आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान समुद्रकाठच्या गावातली ही चार मुलं. जोझी गायची, वेन गिटार वाजवायचा, बाकीचे दोघे बास आणि ड्रम्स. जोझी आणि वेन शाळेपासूनचे. गाणी दोघं मिळून लिहायची. मध्ये काही वर्षं ती जोडपं होती, नंतर नव्हती, पण बँड होता.

मला ती चौघं पहिल्यांदा भेटली तेव्हा भाड्याच्या व्हॅनमधून इंग्लंडभर फिरत होती. नॉटिंगहॅमच्या एका पबमध्ये बारमनसकट मोजकी माणसं होती आणि जोझी भरल्या स्टेडियमपुढे गावं तशी गात होती. त्याआधी, साउंडचेक झाल्यावर, मी डेस्कमागे नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन बसले होते. वेन आला आणि पुस्तकात डोकावला.

“हे कुठल्या बाजूने वाचायचं?”

“तुमच्याच बाजूने. डावीकडून.”

“आणि वरची ही रेघ कशाला?”

“अक्षरं पडू नयेत म्हणून.”

तो इतका हसला की आम्ही तिथेच मित्र झालो. त्यानंतर प्रत्येक दौऱ्यात साउंडचेक आणि कार्यक्रम यांच्या मधल्या रिकाम्या वेळात तो सामानाच्या पेटीवर बसायचा आणि मी वाचत असलेल्या मराठी कादंबरीची गोष्ट माझ्याकडून ऐकायचा. कालच्या भागाचा दुवा मीच विसरले असले तर तो सांगायचा. “ती वकिलाची बायको स्टेशनवर उभी होती, वसुधा. पुढे?”

मग एका उन्हाळ्यात त्यांचं ओहोटीवरचं एक गाणं इथल्या रेडिओवर लागलं आणि लागतच राहिलं. आमच्या मुलीच्या शाळेच्या बसमध्ये मुलं ते म्हणायची. व्हॅनची बस झाली, पबचे मोठे हॉल झाले. स्टेजवरचे तिरके स्पीकर गेले आणि कानातले इअरपीस आले. स्पीकर होते तेव्हा कोणाला कोणाचं ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचंच, आवाज सगळीकडे सांडायचा. इअरपीस आल्यावर तसं राहिलं नाही.

भांडण कशावरून झालं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. गाण्यांबद्दलच्या मुलाखती जोझी एकटीच द्यायची, यावरून झालं, असं ड्रमर म्हणायचा. वेन तालमींना उशिरा यायचा, यावरून झालं, असं कॅथ म्हणायची. मी पाहिलं ते एवढंच की एका दौऱ्यात दोघं स्टेजच्या दोन टोकांना उभी राहायला लागली. ब्रिस्टलला साउंडचेक संपल्यावर वेन डेस्कपाशी आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “जोझीला माझ्यातून काढ.”

“कमी करू?”

“काढ.”

मी काढलं. मला धक्का बसला होता, पण त्याच्या कानात काय असावं हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता. गाणी इतकी मुरलेली होती की तिला न ऐकताही त्याला वाजवता यायची. कोणाला कळलं नाही. रोज शेकडो लोक त्या दोघांना एकत्र ऐकत होते आणि तो तिला ऐकत नव्हता.

नॉटिंगहॅमच्या मोठ्या हॉलमध्ये ओहोटीचं गाणं शेवटी होतं. त्याची सुरुवात एकटी गिटार करते. वेनने डोळे मिटून सुरुवात केली. जोझी माइकपाशी आली आणि गाण्याऐवजी बोलायला लागली. “हे शेवटचं गाणं. आजचं शेवटचं नव्हे. आमचं शेवटचं. यानंतर मी या बँडमध्ये नाही.”

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. तिने आधी कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. ड्रमर काठ्या हवेत धरून बसला होता. पुढच्या रांगेतल्या मुलींनी तोंडावर हात घेतले. वेनने डोळे उघडले, त्या मुलींना पाहिलं आणि त्यांना गाणं एवढं भिडलंय असं वाटून तो हसला. खूप छान, मोकळं हसला आणि वाजवत राहिला. जोझी बोलता बोलता वळून त्याच्याकडे बघत होती. बोलणं संपलं तरी बघत होती. सगळ्या हॉलमध्ये एकटा तोच होता ज्याला काही कळलेलं नव्हतं.

मी बटण दाबून त्याच्या कानात म्हणाले, “वेन, थांब.” तो थांबला. तोवर जोझी माइक स्टँडवर ठेवून निघून गेली होती.

मागे खोलीत कोणीतरी त्याला काय झालं ते सांगितलं. तो भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. बाकीचे गेल्यावर म्हणाला, “तिला सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“ती माझ्यात नव्हती ते. तिला वाटतंय मी ऐकून वाजवत राहिलो. वाटू दे. नालायक वाटलेला बरा. मी तिला बंदच केलं होतं, हे कळण्यापेक्षा ते बरं.”

“वेन, हे बरं नाहीये.”

“मला माहितीये. नको सांगू.”

जोझी दुसऱ्या दिवशी विमानाने परत गेली. इथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की ती रडत असताना गिटारवादक हसत होता. वेनने ते कधीच खोडलं नाही. बँड संपला. मला विचारणारं कोणी नव्हतं, आणि मी दुसऱ्या बँडांच्या कानांत काय हवं ते घालत राहिले. वेनचे मेल यायचे, वर्षाकाठी एखाददुसरा. त्या वकिलाच्या बायकोचं पुढे काय झालं, असं विचारायचा. जोझीचा उल्लेख कधी नसायचा.

बँड परत एकत्र येतोय, हे मला कॅथने गेल्या हिवाळ्यात सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, “कोणता बँड?” पुढाकार जोझीचा होता. तिने वेनला मेलमध्ये विचारलं होतं, “आपण म्हातारे झालो. वाजवू या का?” आणि त्याचं उत्तर आलं होतं, “हो.” पुन्हा ब्रिटनमध्येच सुरू करायचं होतं, आणि मॉनिटरला वसुधाच हवी, असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं होतं.

ब्रिस्टलच्या बाहेर एका गोदामात तालीम होती. वेनचे केस पांढरे झाले होते. त्याने मला मिठी मारली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, “पुस्तक आणलंस?” जोझी त्याच्याशी फार सांभाळून, पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती. दोघंही इतकी सौजन्याने वागत होती की ड्रमर मला म्हणाला, “हे भांडायचे ते बरं होतं गं.”

पहिल्या दिवशी वेन मला सारखी खूण करत होता. जोझी वाढव. मला आनंद झाला, मी वाढवलं. आणखी. मी वाढवलं. आणखी. मला शंका आली म्हणून मी कळ दाबून त्याच्या कानातलं माझ्या हेडफोनमध्ये घेतलं, आणि हेडफोन ओढून फेकूनच दिले. जोझीचा आवाज सुरीसारखा कानात घुसला होता. कुठल्याही माणसाला ते क्षणभर सोसवलं नसतं. वेन शांतपणे उभा होता आणि आणखी मागत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. “वेन, तुला ऐकू येत नाही.”

“खालचं येतं. ड्रम्स, बास येतात. वरचं गेलंय सगळं. काही वर्षं झाली.” तो बोलत असताना माझ्या ओठांकडे बघत होता. भेटल्यापासून तो तसाच बघत होता, आणि मला वाटलं होतं की एवढ्या वर्षांनी भेटल्याचा आनंद आहे.

“जोझीला सांग.”

“वेडी आहेस का? ती दौरा रद्द करेल. माझी दया येऊन रद्द करेल. मला दया नकोय. मला वाजवायचंय तिच्याबरोबर.”

“मग मी इतका आवाज नाही देणार तुला. उरलेलं पण जाईल.”

तो हसला. “मग जोझीला माझ्यातून काढ.”

तेच शब्द. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो म्हणाला, “तेव्हा ऐकू येत होती तर नको होती. आता सांग कोणाला हे.”

“आणि वाजवशील कसा?”

“तिच्याकडे बघून.”

मी काढलं. दौरा संपला की कानांच्या डॉक्टरकडे जायचं, एवढं वचन मात्र घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वेन आपली जुनी जागा सोडून जोझीच्या जवळ, तिच्याकडे तोंड करून उभा राहायला लागला. तिच्यावरून नजर हलवायचा नाही. ती माइक तोंडासमोर धरायला लागली की हाताने खाली घे अशी खूण करायचा. लोकांना ते फार आवडलं. ब्रिस्टलच्या कार्यक्रमात दोघांना असं समोरासमोर बघून माणसं रडली. आणि जोझी हळूहळू सैल झाली. त्याला चिडवायला लागली. “काय बघतोस रे, दातात काही अडकलंय का माझ्या?” तो तिचे ओठ वाचून उत्तर द्यायचा.

नॉटिंगहॅमला पुन्हा तोच हॉल होता. ओहोटीचं गाणं पूर्ण झालं, आणि माणसं बसायला तयार नव्हती. कार्यक्रमानंतर जोझी माझ्या डेस्कला टेकून पाणी पीत म्हणाली, “वसुधा, तू बघितलंस ना? तो ऐकतोय मला. तेव्हा त्याने इतक्या लोकांसमोर माझं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. आता एक शब्द सोडत नाही.”

मी म्हटलं, “हो, शब्द सोडत नाही.” यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतरचा दिवस सुट्टीचा होता, आणि त्या सकाळी ट्राममध्ये फोन आला.

मँचेस्टरच्या हॉलमध्ये आमचं सामान आधीच लागलं होतं, ते काढायला दुसऱ्या दिवशी दुपारी जावं लागलं. असं सामान मी आयुष्यात कधी काढलं नव्हतं. कार्यक्रम न होताच सगळं गुंडाळायचं. माणसं नेहमी मोठमोठ्याने ओरडत काम करतात, त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं. वेनच्या गिटारी तशाच स्टँडवर होत्या, त्यांना हात लावायला कोणी धजत नव्हतं. मी माझं डेस्क शेवटी काढा असं सांगून नुसती त्याच्यामागे उभी होते. आपण नेमकं कशासाठी उभे आहोत हे मला कळत नव्हतं.

जोझी आली. कोणाचा तरी मोठा कोट घातला होता. चेहऱ्यावर रडल्याची खूण नव्हती. आदल्या दिवशी आरशात मला माझा चेहरा दिसला होता, तसाच तिचा होता.

“परवाचं रेकॉर्डिंग आहे ना यात?” तिने विचारलं.

होतं. हल्ली डेस्कवर प्रत्येक वाद्य वेगळं साठवलं जातं, वादक नसतानाही दुसऱ्या दिवशीची तयारी करता यावी म्हणून.

“मला वेनचं ऐकायचंय. त्याच्या कानातलं. मी त्याला कशी ऐकू येत होते ते मला एकदा ऐकायचंय. मग मी जाईन घरी.”

तिच्यापाशी आता एवढंच उरलं होतं की शेवटी तो तिला ऐकत होता. आणि त्याच्या मिक्समध्ये, म्हणजे मी त्याच्या कानात पाठवत होते त्या आवाजांत, ती नव्हती. तिचा फेडर मी बोटाने थोडा वर सरकवला असता तर ती आली असती. तिला काही कळलं नसतं. ती समाधानाने ऑस्ट्रेलियाला गेली असती, आणि वेनने माझ्याकडून जे दोनदा मागितलं होतं ते मी पाळलं असतं. विचार करून निर्णय घेतला असं मी म्हणणार नाही. माझा हात हललाच नाही. मी तिला हेडफोन दिले आणि जसं होतं तसं लावलं.

ती ऐकत उभी राहिली. ओहोटीचं गाणं होतं. तिचे ओठ सवयीने हलायला लागले आणि मग थांबले. तिने हेडफोन कानांवर दाबून धरले, जसं काही दाबल्यावर ती त्यात येणार होती.

“मी कुठे आहे?”

“नाहीस.”

“कोणी काढलं?”

“मी. त्याने सांगितलं म्हणून.”

तिने हेडफोन काढून अतिशय हळू डेस्कवर ठेवले. “म्हणजे शेवटपर्यंत.”

“जोझी, त्याला ऐकू येत नव्हतं,” मी म्हणाले आणि मग सगळं सांगितलं. गोदामातलं, सुरीसारख्या आवाजाचं, दया नको म्हणाला होता ते. तो तिचे ओठ बघून वाजवत होता हे सांगितलं तेव्हा तिने आपल्या तोंडावर हात नेला आणि तसाच ठेवला.

हाताआडून म्हणाली, “आणि तेव्हा? पहिल्या वेळी?”

आता थांबण्यात अर्थ नव्हता. “तेव्हाही तू त्याच्यात नव्हतीस. तेव्हा त्याला ऐकू येत होतं. तेव्हा त्याला नको होतं. तू बोललीस ते त्याने ऐकलंच नाही, जोझी. तो त्या मुलींकडे बघून हसला. मी थांब म्हटलं म्हणून थांबला.”

ती वेनच्या पेटीवर बसली. मला वाटलं ती चिडेल, त्याच्यावर किंवा माझ्यावर. ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

“मी ते हॉलला सांगत नव्हते. त्यालाच सांगत होते. म्हटलं, आता तरी हा काहीतरी बोलेल. निदान ‘मूर्खासारखं करू नकोस’ म्हणेल. तेवढं म्हणाला असता तर मी राहिले असते गं. आणि तो हसला.” ती माझ्याकडे बघायला लागली. “इतकी वर्षं, वसुधा. इतकी वर्षं.”

खाली ट्रकपाशी कोणीतरी पेटी ढकलत होतं, त्या चाकांचा आवाज येत होता.

“मला घाल त्यात,” जोझी म्हणाली.

“काय?”

“त्याच्या मिक्समध्ये. मला घाल आता.”

तिने हेडफोन चढवले. मी दुसरे घेतले. गाणं पुन्हा लावलं आणि वेनच्या मिक्समध्ये तिचा फेडर हळूहळू वर नेला. ती आली. ती गात होती आणि तो वाजवत होता, आणि आम्ही दोघी माना खाली घालून ऐकत होतो. कडव्याच्या सुरुवातीला तिने मला हात केला. “थांब. मागे घे.” मी घेतलं. तिने पुन्हा ऐकलं.

“तो माझ्या आधी येतोय. किंचित.”

मीही ऐकलं. खरंच तसं होतं. प्रत्येक ओळीला तिच्या शब्दाच्या केसभर आधी गिटार येत होती. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कारण लक्षात आलं. माइकमध्ये तिचा श्वास रेकॉर्ड झाला होता. ती ओठ उघडून श्वास घ्यायची, आणि गिटार नेमकी तिथे यायची.

“तू श्वास घेतेस तिथे येतोय तो,” मी म्हणाले. “त्याला तेवढंच दिसत होतं.”

जोझी हसली की रडली ते मला कळलं नाही. “जन्मभर उशिरा यायचा हा माणूस.”

सामान उचलणारी माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मी त्यांना हाताने थांबवलं. गाणं चालू होतं. जोझीने डोळे मिटले होते.

“त्याला जरा वाढव,” ती म्हणाली.

इतक्या दौऱ्यांत तिने हे माझ्याकडे कधी मागितलं नव्हतं. मी वेनला वाढवलं.